शूरांची सनद

गेल्या सप्टेंबरांत, सत्रपरीक्षेला आठ-दहा दिवस उरले असतां, मधल्या सुट्टींत नववीच्या वर्गावरून जात असतांना कांहीं शब्द माझ्या कानांवर पडले. "१,५४० बसले होते आणि शंभरच घेतले!" असें एकजण म्हणत होता. त्यावर दुसरा म्हणाला, "आणि ते दोघे नापास झाले, सगळ्यांत ताकदवान तेच!" ही चर्चा पोलीस भरतीची असावी असें मला वाटलें, कारण आपल्या कर्जत-खालापूर भागांत पहांटे रस्त्याच्या कडेनें धांवणारे तरुण आपण नेहमींच पाहतों, आणि त्यांच्या घरीं असेच आंकडे बोलले जातात. मीं आंत जाऊन मोठ्या आस्थेनें विचारलें, "कोणाचा भाऊ बसला होता रे?" वर्ग क्षणभर स्तब्ध झाला, आणि मग असा हंसला कीं मलाहि हंसूं आवरेना. ती परीक्षा जपानांत झाली होती, आणि तीहि केवळ चित्रांत.

अशा रीतीनें 'माय हीरो अकॅडेमिया' या चित्रमालिकेशीं माझा परिचय झाला. विद्यार्थ्यांना रागें भरावयाचें तर ज्या गोष्टीसाठीं भरावयाचें ती आधीं पाहिली पाहिजे, असा माझा जुना नियम आहे. दिवाळीच्या सुट्टींत माझ्या कन्येनें मला ते भाग लावून दिले व जेथें अडेल तेथें समजावून सांगितलें. कोहेइ होरिकोशि या चित्रकथाकारानें ही कथा २०१४ सालीं 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकांत सुरू केली व २०२४ सालीं संपविली. तिजवरून तयार केलेलीं हलतीं चित्रें २०१६ पासून दाखविलीं जाऊं लागलीं, आणि ज्या परीक्षेवरून आमच्या नववींत वाद माजला होता ती २०१८ सालच्या तिसऱ्या पर्वांत आहे. मी या मालिकेची सरसकट भलामण करीत नाहीं. तिच्यांत मारामारी पुष्कळ, आरडाओरड त्याहून पुष्कळ. आणि शूरांची लोकप्रियतेप्रमाणें क्रमवारी लावण्याची त्या जगांतील रीति तर मला मुळींच आवडली नाहीं. तथापि त्या परीक्षेनें मला चार रात्री झोंप येऊं दिली नाहीं, आणि त्याचें कारण सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

त्या कथेंतील जगांत दहांपैकीं आठ माणसांना कांहीं ना कांहीं अद्भुत शक्ति लाभलेली असते. कोणी अग्नि निर्माण करतो, कोणी वारा वाहवितो. परंतु ती शक्ति चारचौघांत वापरावयाची तर सरकारी सनद लागते. सनद नसतांना ती वापरली, मग हेतु कितीहि चांगला असो, तरी तो अपराध ठरतो. म्हणून शूर होऊं इच्छिणारीं मुलें विद्यालयांत शिकतात आणि प्रथम तात्पुरत्या सनदेच्या परीक्षेला बसतात.

परीक्षेच्या पहिल्या भागाविषयीं माझें मत चांगलें नाहीं. प्रत्येकानें अंगावर तीन खुणा लावावयाच्या व सहा चेंडू बाळगावयाचे. ज्याच्या तिन्ही खुणांना चेंडू लागले तो बाद. आणि दोघांना बाद करणारे पहिले शंभर जण तेवढे पुढें जाणार. दुसऱ्याला वांचविण्याचा धंदा ज्यांना पत्करावयाचा आहे, त्यांनीं प्रथम शेजाऱ्याला पाडून दाखवावयाचें! हें पाहून मला जपानपेक्षां आपल्याच प्रवेशपरीक्षांची आठवण अधिक झाली. असो.

दुसरा भाग सुरू झाला तेव्हां मात्र मी खुर्चींत सरसावून बसलों. जेथें झुंज झाली तेंच मैदान स्फोट करून उद्ध्वस्त करण्यांत येतें. इमारती ढांसळलेल्या, पूल मोडलेले, आणि त्या ढिगाऱ्यांत ठिकठिकाणीं म्हातारे, मुलें, जखमी माणसें. हे जखमी खरे नव्हेत. जखमी होण्याचें सोंग घेणें हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी ती एक मंडळी आहे. गंमत अशी कीं, परीक्षकहि तेच. ढिगाऱ्याखालीं पडल्यापडल्या ते उमेदवाराचे गुण कापीत असतात. शंभर गुण अगोदरच पदरांत घातलेले. जसजशी चूक होईल तसतसे कमी करावयाचे. पन्नासांच्या खालीं गेला तो नापास.

कथेचा नायक मिदोरिया हा मोठा कनवाळू मुलगा आहे. एक लहान मूल रडत येतें आणि आपले आजोबा दगडांखालीं अडकले आहेत असें सांगतें. मिदोरिया घाबरून जातो आणि "अरेरे, केवढें हें भयंकर!" अशा अर्थाचें कांहीं तरी बोलतो. त्याबरोबर तें मूल रडें थांबवून त्याला खडसावतें: गुण वजा! श्वास कसा आहे, चालतां येतें कीं नाहीं, रक्त कोठून वाहतें, हें पाहण्याच्या आधीं तूं स्वतःचें भय माझ्यापुढें मांडलेंस. जो आधींच भ्यालेला आहे त्याला तूं आणखी भिववलेंस. मिदोरिया वरमतो, स्वतःला सांवरतो, तोंडावर हंसूं आणतो आणि मग त्या मुलाला उचलून घेतो.

येथें मीं यंत्र थांबविलें. कन्येनें विचारलें, "बाबा, काय झालं?" मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं.

पालकांपैकीं कांहींना ठाऊक असेल कीं, दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत आम्ही आठवी-नववीच्या मुलांना जुम्मापट्टीच्या वाटेवर वनस्पति दाखविण्यासाठीं नेलें होतें. परततांना एका ओढ्याशीं आठवीचा एक मुलगा शेवाळावरून घसरला व त्याचा पाय गुडघ्याखालीं मोडला. हाड आंतच होतें, पण पाय जसा वळूं नये तसा वळला होता. मी त्या तुकडीचा प्रमुख. मी धांवत गेलों आणि सर्व मुलांच्या देखत ओरडलों, "अरे बाप रे! केवढा मोडला हा पाय!" तोंवर तो मुलगा फक्त कण्हत होता, माझा शब्द ऐकतांच तो किंचाळूं लागला. मग मीं खिशांतून फोन काढला आणि त्या दरींत ठिपका नसलेल्या पडद्याकडे पाहत उभा राहिलों. मी पदवीधर आहें. बालमानसशास्त्राच्या पेपरांत मला चांगले गुण होते.

जवळच्या ठाकूरवाडींतला नववीचा एक विद्यार्थी त्या गर्दींत होता. तो खालीं बसला, त्यानें पडलेल्या मुलाचें डोकें आपल्या मांडीवर घेतलें आणि मान वर करून मला म्हणाला, "सर, पायाकडं नका बघूं. त्याच्याकडं बघा." त्या बोलण्यांत उद्धटपणा तिळमात्र नव्हता. मग तो त्या मुलाला त्याच्या घरच्या कुत्र्याविषयीं विचारूं लागला: नांव काय, रंग काय, पिलूं असतांना कोठून आणलें. एकीकडे त्यानें इतरांकडून दोन मिटलेल्या छत्र्या मागून घेतल्या, पाय जसा होता तसाच ठेवून दोन्ही बाजूंनीं त्या लावल्या आणि शाळेच्या गळपट्ट्यांनीं, ज्यांचा मला आजवर कांहींच उपयोग दिसला नव्हता, त्या बांधून टाकल्या. त्यानें तो सरळ करण्याचा यत्न केला नाहीं. कोणी तरी "खेंच, बसेल" असें सुचविलें तेव्हां त्यानें नुसती मान हलविली. पुढें एका पावसाळी कापडाची झोळी करून आम्ही त्या मुलाला रस्त्यावर आणलें. डॉक्टरांनीं पाय पाहून बांधणाऱ्याची चौकशी केली. आज तो मुलगा कबड्डी खेळतो.

आतां या गोष्टीचा जो भाग सांगण्यास मला लाज वाटते तो सांगतों. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत प्रगतिपुस्तकें भरतांना त्या ठाकूर विद्यार्थ्याच्या पुस्तकांत गणित व इंग्रजी या दोन विषयांपुढें मीं स्वतःच्या हातानें 'असमाधानकारक' असें लिहिलें. तें खोटें नव्हतें. त्याचे गुण खरोखरच कमी होते. पण त्याच्या आईनें तें पुस्तक हातांत घेऊन, अक्षरओळख नसल्यामुळें, मला विचारलें, "सर, काय लिहिलंय?" आणि मीं तिला तो एक शब्द वाचून दाखविला. दुसरें कांहीं सांगण्याचें मला सुचलें नाहीं. ओढ्यावरची गोष्ट त्या मुलानें घरीं सांगितली नव्हती, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें.

त्या जपानी परीक्षेचा निकालहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. मिदोरियाला ७१ गुण पडले. याओयोरोझु नांवाच्या एका शांत, पूर्वतयारी करून वागणाऱ्या मुलीला ९४. जे नापास झाले त्यांत बाकुगो आणि तोदोरोकि हे वर्गांतले अत्यंत बलवान विद्यार्थी होते. बाकुगो जखमींशीं उर्मटपणें बोलला. तोदोरोकि आणि दुसऱ्या विद्यालयाचा योआराशि यांच्यांत जुनी अढी होती. जखमी माणसें मागें असतांना आणि शत्रु पुढें आलेला असतांना ते एकमेकांशींच भांडत बसले, आणि एकाचा अग्नि व दुसऱ्याचा वारा एकमेकांच्या आड आला. हा योआराशि प्रवेशाच्या निवडपरीक्षेंत पहिला आलेला होता, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. पालकांनीं तर मुळींच विसरूं नये. नापास झालेल्यांना पुढें जादा शिकवणी द्यावी लागते, आणि त्या शिकवणींत त्यांना काय करावयास लावतात? प्राथमिक शाळेंतल्या एका द्वाड वर्गाचीं मनें जिंकावयास! जो अग्नि आणि बर्फ दोन्ही निर्माण करतो तो त्या चिमुरड्यांपुढें गोंधळून उभा राहिलेला पाहून मला जो आनंद झाला, तो कोणताहि शिक्षक समजूं शकेल.

तरीहि एक प्रश्न उरतोच. दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं सनद कशाला हवी? आपल्या नेरळपासून शेलू टाकलें कीं वांगणी येतें. तेथें १७ एप्रिल २०२१ रोजीं अंध आईबरोबर फलाटावरून चाललेलें सहा वर्षांचें मूल रुळांवर पडलें आणि समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धांवत गेले, मुलाला फलाटावर ढकलून स्वतः वर चढले, आणि त्या क्षणींच गाडी निघून गेली. रेल्वेनें त्यांना ५०,००० रुपयांचें बक्षीस दिलें. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं त्या मुलाला दिली. त्यांची परीक्षा कोणी घेतली होती? आणि त्याआधीं, २७ जुलै २०१९ रोजीं, उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हां हजारांवर प्रवासी सुखरूप बाहेर आले, त्यांत जवानांच्या बरोबरीनें आसपासचे गांवकरीहि पाण्यांत उतरले होते. हुतात्मा भाई कोतवालांचें उदाहरण तर आपल्या मातीतलेंच. माथेरानांत जन्मलेल्या त्या पुरुषापाशीं सनद होती, पण ती वकिलीची. ती बाजूला ठेवून त्यांनीं बेचाळिसांत जें केलें त्यासाठीं सरकारनें त्यांना सनद दिली नाहीं, तर २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळी दिली.

असें असूनहि सनदेच्या विरुद्ध माझें मत पडत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी दरडीखालीं गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैला शोध थांबविण्यांत आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मोठीं यंत्रें वर जाईनात. आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान आणि डोंगर जाणणारे तरुण हातानें माती उपशीत होते. मदतीला चढत असतांना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला वाटेंतच हृदयविकारानें मरण आलें. जेथें शिकलेला माणूसहि असा जातो, तेथें केवळ कळवळ्यानें वर चढणारी गर्दी काय करणार? ती शोधणाऱ्यांच्या वाटेंत येते, आणि दुसरी दरड आली तर शोधावयाच्या माणसांची संख्या वाढविते. मयूर शेळके यांच्याविषयींहि मला असें वाटतें कीं, रुळांवर ज्याचा रोजचा वावर आहे त्याचीच पावलें तशा वेळीं खडींत अडखळत नाहींत. त्या धांवेमागें कांहीं वर्षांची नोकरी होती. आम्ही तिला शिक्षण म्हणत नाहीं, इतकेंच.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेंत हिंदु, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सर्वच मुलांना पाठ आहे. रस्त्यांत लुटून टाकलेल्या माणसाला पाहून याजक गेला, लेवी गेला. ज्याला लोक हलका समजत तो परका थांबला. आम्ही शिक्षक ही गोष्ट सांगतांना दयेवर भर देतों आणि पुढचें घाईनें उरकतों. परंतु पुढेंच पाहा: त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, आपल्या जनावरावर त्याला बसविलें, उतारशाळेंत नेलें, रात्रभर शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशीं खर्चाचे पैसे मोजून दिले. या माणसाला जखम बांधतां येत होती! त्याच्या पिशवींत सामान होतें. नुसता कळवळा असता आणि हात अडाणी असते, तर तोहि माझ्यासारखाच "अरे बाप रे!" म्हणून यरीहोच्या वाटेवर उभा राहिला असता. आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत मदत करणाऱ्याला पोलीस-कचेरीचा जाच होऊं नये म्हणून २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांत कलम १३४-अ घालण्यांत आलें, आणि त्यांत अशा मदतगाराला याच शोमरोन्याचें नांव दिलेलें आहे. पुणें-मुंबई रस्ता ज्यांच्या तालुक्यांतून जातो त्या आपण सर्वांनीं तें ठाऊक करून घ्यावें. कायद्यानें भय काढलें. हाताला शिकविणें कायद्याच्या आवांक्यांतलें नव्हे.

म्हणून मीं शिक्षकांच्या बैठकींत अशी सूचना मांडली कीं, प्रगतिपुस्तकांत या गुणासाठीं एक निराळा रकाना असावा. आमचे गणिताचे सहकारी, जे क्वचितच बोलतात, ते म्हणाले, "रकाना आला कीं गुण आले, गुण आले कीं पुढल्या जूनपासून कर्जतला करुणेची शिकवणी सुरू होईल, महिना आठशें रुपये." सर्व हंसले. मी घरीं जाऊन पुष्कळ विचार केला आणि ते खरेंच बोलले असें ठरविलें. ज्या क्षणीं मूल जखमी मित्राकडे गुणांसाठीं पाहूं लागेल, त्या क्षणीं तें पायाकडेच पाहील, त्याच्याकडे नाहीं. तेव्हां रकाना नको, क्रमांक नको, ढाल नको.

पण परीक्षा हवी. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ जपानांत दर वर्षीं १ सप्टेंबरला आपत्तीच्या वेळचा सराव करतात. त्यांच्या चित्रकथेंत अशी परीक्षा यावी यांत मला आतां आश्चर्य वाटत नाहीं. आपल्याकडे भूकंपापेक्षां पावसाची पाळी अधिक. उल्हास नदी, घाटांतली दरड, ओढ्यावरचें शेवाळ, विंचू, साप, लोकलच्या दारांतली गर्दी, हा आपला अभ्यासक्रम. आणि त्याची वेळ जून महिना. मुख्याध्यापकांनीं यंदापासून एक शनिवार देण्याचें मान्य केलें आहे. पांचवीचीं मुलें जखमी होतील. सोंग घेण्यांत त्यांचा हात कोणी धरणार नाहीं, हें मीं मधल्या सुट्टींत पारखून घेतलें आहे. गुण तींच कापतील, आणि शेवटीं उमेदवाराच्या कानांत सांगतील: मला भीति वाटली, किंवा वाटली नाहीं. कागदावर कांहीं लिहावयाचें नाहीं.

दहावीच्या कांहीं पालकांनीं या शनिवाराबद्दल मजजवळ नाराजी दाखविली आहे. एक दिवसाचा अभ्यास बुडेल ही त्यांची चिंता मी समजूं शकतों. मीहि बाप आहें. मीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, आपलें मूल ओढ्यांत पडेल तेव्हां त्याच्या शेजारीं गणितांत पहिला आलेला उभा असावा कीं छत्री बांधतां येणारा? दोघेजण हंसले, एक गृहस्थ रागावून उठून गेले. त्यांनीं परीक्षेच्या दिवशीं अवश्य यावें अशी माझी विनंति आहे.

तो ठाकूर विद्यार्थी दहावीची परीक्षा एका विषयाच्या फेरपरीक्षेनंतर उत्तीर्ण झाला व आतां कर्जतला तांत्रिक शिक्षण घेत आहे. गेल्या महिन्यांत मी त्याच्या वाडीवर गेलों. त्याच्या आईला ओढ्यावरची सर्व गोष्ट, माझ्या ओरडण्यासकट, सांगितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें मला काळा चहा दिला. मुलाला मीं मुख्य परीक्षक होण्याविषयीं विचारलें. तो लाजला, पायाच्या अंगठ्यानें माती उकरीत राहिला आणि शेवटीं म्हणाला, "येतों. पण सर, तुम्हीपण बसणार ना परीक्षेला?"

उमेदवारांच्या यादींत पहिलें नांव मीं माझें घातलें आहे. परीक्षा जूनच्या दुसऱ्या शनिवारीं सकाळीं आठ वाजतां मैदानावर आहे. पाऊस असला तरी होईल. जे पालक येतील त्यांनीं घरची एक छत्री आणि एक जुना पंचा बरोबर आणावा.